टोचतंय म्हणजे टोचतंयच : स्पर्शाला संवेदनशील असलेल्या मुलांचे कपडे

(पालक आणि शिक्षकांसाठी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या काही प्रश्नांची उत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, मुलांच्या कपड्यांवर तासभर काय बोलायचं? पण शाळेची रिक्षा दारात उभी आहे आणि पोरगं मोजे भिरकावून रडतंय, हे ज्यांच्या घरी रोजचं आहे, त्यांना हा विषय केवढा मोठा आहे ते सांगायला नको. आम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मराठीत व्यवसायोपचार तज्ज्ञ. जेवण, आंघोळ, कपडे, शाळा, खेळ ही मुलांची रोजची कामं सोपी व्हावीत म्हणून आम्ही काम करतो. या सगळ्यात कपड्यांची तक्रार वरवर किरकोळ दिसते. म्हणूनच ती सगळ्यात उशिरा आमच्यापर्यंत येते. तोवर घरात बरीच रडारड, ओरडा आणि कधी कधी मारही होऊन गेलेला असतो.

आज तीन गोष्टी बोलू. असं का होतं, नेमकं काय खुपतंय ते कसं शोधायचं, आणि सापडल्यावर काय करायचं.

असं का होतं?

तुम्ही सकाळी मनगटावर घड्याळ बांधलंत. मी आत्ता नाव घेईपर्यंत ते हातावर आहे याची जाणीव होती का? नव्हती. बांगड्या, मंगळसूत्र, कमरेचा पट्टा, सगळ्याचं तेच. कपडा अंगावर चढला की पहिले काही क्षण त्वचा मेंदूला कळवते, मग मेंदू ती खबर बाजूला ठेवतो. हे बाजूला ठेवणं जमतं म्हणून आपण दिवसभर दुसऱ्या कामांत लक्ष घालू शकतो.

काही मुलांच्या बाबतीत ही खबर बाजूला पडत नाही. कॉलरचं लेबल सकाळी सातला जेवढं टोचतं, तेवढंच दुपारी बारालाही टोचत राहतं. आणि ते 'जरासं' नसतं. आपल्याला हलका वाटणारा स्पर्श त्यांना खाजरा, बोचरा, कधी चक्क दुखरा वाटतो. वर्गात फळ्यावरचं गणित आणि मानेवरचं लेबल या दोघांशी एकाच वेळी लढायचं, म्हणजे गणित मागे पडणारच.

याकडे नीट लक्ष वेधलं ते ए. जीन एअर्स या अमेरिकन व्यवसायोपचार तज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ बाईंनी. १९६०च्या दशकात त्यांनी स्पर्शापासून सतत बचावाच्या पवित्र्यात असलेल्या मुलांबद्दल लिहिलं. १९७२ साली संवेदनांच्या एकत्रीकरणावरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यांच्या सिद्धांतातल्या सगळ्याच गोष्टींवर आज एकमत आहे असं नाही. पण 'या मुलांना स्पर्श वेगळा जाणवतो' हे त्यांचं मूळ निरीक्षण टिकून राहिलं. २०१३ साली आलेल्या 'डीएसएम-५' या निदानाच्या अमेरिकन नियमावलीत ऑटिझमच्या लक्षणांमध्ये संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं याचा स्पष्ट समावेश झाला. निव्वळ संवेदनशीलता हा मात्र त्या नियमावलीत वेगळा आजार म्हणून नाही. त्यामुळे एक गोष्ट ध्यानात ठेवा. कपडे टोचतात म्हणजे मूल ऑटिस्टिक आहेच, असं नाही. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये हे दिसतं, आणि कुठलंही निदान नसलेल्या मुलांमध्येही दिसतं.

आणखी एक गंमत बघा. आपण स्वतःला गुदगुल्या करू शकत नाही. आपलाच हात येतोय हे मेंदूला आधी ठाऊक असतं, म्हणून तो त्या स्पर्शाची धार कमी करतो. दुसऱ्याचा हात आला की तसं होत नाही. म्हणून आईनं घाईघाईत डोक्यातून ओढलेला शर्ट आणि मुलानं स्वतः घातलेला तोच शर्ट, मुलाच्या दृष्टीनं हे दोन वेगळे अनुभव आहेत. जे मूल स्वतः घालू शकतं, त्याला वेळ लागला तरी स्वतः घालू द्या. फुकटातला आणि बऱ्याचदा लागू पडणारा उपाय आहे हा.

नेमकं काय खुपतंय?

'त्याला कपडेच आवडत नाहीत' हे वाक्य आम्ही फार ऐकतो. खोदून विचारलं की कळतं, घरात दोन टी-शर्ट आणि एक चड्डी अशी असते, जी तो धुवायलाही देत नाही. आमचं काम तिथून सुरू होतं.

घरी एका पलंगावर दोन ढीग करा. एकात मूल आनंदानं घालतं ते कपडे, दुसऱ्यात नाकारलेले. सगळे उलटे करा, कारण मुलाच्या अंगाला आतली बाजू लागते आणि आपण नेहमी बाहेरची बघत असतो. आता शिवणी, लेबलं, इलॅस्टिक, छपाई, भरतकामाची मागची बाजू तपासा. बोटांनी चाचपू नका, आपली बोटं राठ झालेली असतात. कोपराच्या आतल्या बाजूवर किंवा मानेवर कपडा हलकेच घासून बघा. दोन ढिगांतला फरक बऱ्याचदा पाच मिनिटांत लक्षात येतो.

सोबत आठवडाभर वहीत टिपून ठेवा. कोणता कपडा, अंगाच्या कुठल्या भागावर त्रास, दिवसाची कुठली वेळ, घाम आलेला होता का, झोप झाली होती का. दमलेल्या किंवा घाबरलेल्या मुलाची सहनशक्ती कमी असते. रविवारी चालणारा शर्ट सोमवारी सकाळी चालत नाही, यात लबाडी नसते. त्या दिवशी शाळेची धास्ती आधीच अंगावर असते.

बोलणाऱ्या मुलाला 'काय झालं?' असं मोघम विचारू नका. 'कुठे टोचतंय, बोट दाखव' असं विचारा. न बोलणाऱ्या मुलासाठी कागदावर माणसाची आकृती काढा आणि त्यावर बोट ठेवायला सांगा. तेही जमत नसेल तर हात कुठे जातो ते पाहा. मान सारखी वाकडी करणं, कंबर ओढणं, पाय जमिनीवर घासणं, ही त्याची उत्तरंच आहेत.

एक सावधगिरी. त्रास अचानक सुरू झाला असेल, किंवा त्वचेवर पुरळ, चट्टे, कोरडेपणा दिसत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. घामोळं, गजकर्ण, एक्झिमा, जीन्सच्या धातूच्या बटणातल्या निकेलची अॅलर्जी, यांचा उपाय कपडे बदलण्यापुरता नसतो.

लेबल, शिवण, कापड

लेबलपासून सुरुवात करू. कात्रीनं लेबल कापलं की शिवणीत त्याची ताठ कड उरते, आणि ती आधीपेक्षा जास्त टोचते. म्हणून टाके उसवून लेबल पूर्ण काढा. काही कपड्यांत पारदर्शक नायलॉनचा दोरा वापरलेला असतो, त्याची टोकं तारेसारखी बोचतात. तो दोरा उसवून तिथे सुती दोऱ्याची टीप मारून घ्या. हल्ली बऱ्याच बनियन आणि टी-शर्टांवर लेबल कापडावरच छापलेलं असतं, असे निवडता आले तर उत्तम.

मग शिवण. बनियन आणि चड्डी उलटी घालायला काहीच हरकत नाही, कुणाला दिसतंय? मोज्यांत बोटांवर येणारी जाड शिवण हे तर रडण्याचं फार मोठं कारण आहे. मोजे उलटे घालून पाहा. किंवा शिवण बोटांच्या टोकावर न येता थोडी वर, पायाच्या पाठीवर येईल असा मोजा चढवा. बूट अर्धा नंबर लहान असला तरी तीच शिवण दाबली जाते, म्हणून मोज्याला दोष देण्याआधी बूटही तपासा.

टी-शर्टवर पुढे सुंदर कार्टून भरलेलं असतं, त्याच्या मागे कडक कागदी अस्तर असतं. शाळेच्या खिशावरच्या बिल्ल्याचंही तसंच. आतून मऊ मलमलीचा तुकडा शिवून घेतला की काम होतं. रबरी छपाईचे मोठे ठिगळासारखे भाग मात्र उन्हाळ्यात घाम धरतात, ते टाळलेले बरे.

कापडाबद्दल आमच्याकडे आलेले पालक म्हणतात, 'आम्ही शंभर टक्के कॉटनच आणतो.' कॉटन हे नाव पुरेसं नाही. नव्या सुती कपड्याला खळ असते, तो पुठ्ठ्यासारखा लागतो. तीन-चारदा धुऊन मगच मुलाला द्या. विणीच्या कापडाला आपण होजिअरी म्हणतो, ते ताणलं जातं, अंगाबरोबर हलतं. शर्टाचं विणलेलं कापड तसं हलत नाही. म्हणून सुती असूनही पॉपलिनचा शर्ट नको आणि जुना टी-शर्ट हवा, असं मूल म्हणतं तेव्हा ते विसंगत बोलत नसतं.

आपल्या आज्यांना हे माहीत होतं. तान्ह्या बाळाला नवं कापड न लावता जुन्या धुवट सुती साडीची झबली, लंगोट आणि दुपटी करायची आपल्याकडची रीत आहे. शेकडो वेळा धुतलेलं ते कापड बाजारात मिळत नाही. तोच न्याय मोठ्या मुलालाही लावा. भावंडाचे वापरलेले कपडे या मुलांना नव्यापेक्षा चांगले.

धुण्यातही लक्ष घाला. साबण पूर्ण निघाला पाहिजे. वासाचे कंडिशनर कपडा मऊ करतात, पण काही मुलांना त्या वासाचाच त्रास होतो. कडक उन्हात वाळलेला सुती कपडा ताठ होतो, तो झटकून हातानं चोळून घ्या. आणि पावसाळ्यात अर्धवट वाळलेला, दमट, कुबट कपडा हे या मुलांचं वेगळंच दुखणं आहे. शाळेचा एक जोड जास्त ठेवा आणि इस्त्रीनं पूर्ण कोरडा करून द्या.

थंडीत प्रश्न येतो लोकरीचा. लोकर टोचते याचं कारण मोजता येतं. जाड तंतूंची टोकं वाकत नाहीत, सरळ त्वचेत रुततात. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू थोडे जरी मिसळलेले असले तरी कापड बोचरं लागतं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, म्हणून घोंगडी उबदार खरी पण उघड्या अंगावर घेववत नाही. तेव्हा 'सगळे घालतात, तुलाच कसं टोचतं' असं म्हणू नका. टोचतं सगळ्यांनाच, फक्त इतरांना त्याची सवय लवकर होते. स्वेटरच्या आत मानेपर्यंत येणारा, लांब बाह्यांचा सुती टी-शर्ट द्या, किंवा स्वेटरऐवजी सुती जाड हुडी चालवून घ्या.

मापाचा घोळ

इथे सगळ्या मुलांना एकच सल्ला देता येत नाही. काहींना कपडा अंगाला लागूच नये असं वाटतं, त्यांना ढगळ कपडे हवेत. काहींना उलट सैल कपड्याची हलती किनार सहन होत नाही, त्यांना अंगाबरोबर बसणारी बनियन किंवा सायकलिंग शॉर्ट बरी वाटते. हलका, सरकता स्पर्श छळतो आणि घट्ट, स्थिर दाब शांत करतो, असं अनेक मुलांच्या बाबतीत दिसतं. म्हणून मूल फार घट्ट कपडे मागत असेल तर लगेच 'वेडेपणा' म्हणू नका. मात्र श्वास, रक्तप्रवाह अडेल इतकं घट्ट नको, त्वचेवर वळ उमटायला नकोत, आणि असे कपडे घालून झोपवू नका. वजनदार जॅकेटांची सध्या बरीच जाहिरात होते. त्यांचा ठोस फायदा अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही. थेरपिस्टला विचारल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका.

कमरेसाठी बारीक इलॅस्टिक काढून नेफ्यात रुंद, मऊ इलॅस्टिक घाला. नाडीची गाठ पोटावर रुतते, ती बाजूला घ्या. चड्डीच्या मांडीवरचं उघडं इलॅस्टिक काचत असेल तर मुलींनाही पायाची किंचित लांब, शॉर्टसारखी चड्डी द्या.

वयात येणाऱ्या मुलींबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. ब्रा आणि सॅनिटरी पॅड हे दोन नवे स्पर्श एकदम अंगावर येतात. पाळी सुरू व्हायच्या बऱ्याच आधीपासून तयारी करा. सुती कापडी पॅड, साधं पॅड, पाळीसाठी मिळणारी खास चड्डी, सगळं हातात घेऊ द्या, घरी कोरडंच थोडा वेळ वापरून बघू द्या. ब्राऐवजी आधी होजिअरीची घट्टसर स्लिप चालते.

शिंपीकाका आणि शाळा

परदेशात अशा मुलांसाठी बिनशिवणीचे महाग कपडे मिळतात. आपल्याकडे त्याहून चांगली सोय आहे, ती म्हणजे गल्लीतला शिंपी. मात्र त्यांना नेमकं सांगा. कॉलरला बक्रम घालू नका किंवा अगदी पातळ घाला. शिवणीच्या कडा आत दुमडून दाबून टाका, ओव्हरलॉकची कड अंगाला लागू देऊ नका. काखेत थोडं सैल ठेवा. लेबल लावू नका. मुलाचा लाडका कपडा नमुना म्हणून सोबत न्या, शंभर वाक्यांचं काम त्यानं होतं.

गणवेशाचं कापड बहुतेक ठिकाणी टेरिकॉट असतं, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं. घाम शोषत नाही आणि कडकही असतं. शाळा जूनमध्ये सुरू होतात, तर गणवेश मे महिन्यातच आणा, धुवा, घरात घालून बघा. पहिल्याच दिवशी नवी शाळा, नवा वर्ग आणि नवा कोरा गणवेश असे तीन धक्के नकोत. शाळेकडे लेखी विनंती करा : रंग तोच, कापड सुती. टाय-पट्ट्यातून सूट. आत बनियनऐवजी मऊ टी-शर्ट. मोज्यांची सक्ती नको. बहुतेक शिक्षक समजावून सांगितलं की ऐकतात. मुलाला ऑटिझमसारखं निदान असेल तर २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं हे शिक्षणसंस्थांचं कर्तव्य आहे. पण कायद्याचा कागद पुढे करण्याआधी वर्गशिक्षकांशी निवांत बोला. दहा महिने मूल त्यांच्यासमोर बसणार आहे.

नव्या कपड्याची ओळख

नवा कपडा थेट अंगावर चढवू नका. दोन-चार दिवस तो मुलाच्या अंथरुणात, खेळण्यांत राहू द्या. मग आवडत्या टी-शर्टवरून पाच मिनिटं. मग आवडीचं काही चाललेलं असताना दहा मिनिटं. 'काढायचंय' म्हणालं की लगेच काढा. अनेकांना वाटतं, लगेच काढलं तर सवय कशी लागणार? पण काढता येतं ही खात्री असली तरच मूल पुन्हा घालायला तयार होतं. ऋतू बदलतानाही हेच. लांब बाह्यांची ओळख दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा, ऐन थंडीत नको.

लग्नकार्य, मुंज, सणवार यांत जर आणि टिकल्या आल्याच. परकर-पोलक्याला पूर्ण सुती अस्तर लावा, आत साधी स्लिप द्या. फोटोपुरते वीस मिनिटं घालायचं आणि मग साधे कपडे, असं आधीच ठरवा आणि ठरलेला शब्द पाळा. मावशी-आत्यांचा आग्रह आपण अडवायचा, तो मुलावर सोडायचा नाही.

आणि एखादा कपडा जमला, की त्याच मापाचे तीन-चार आणि पुढच्या मापाचे दोन लगेच घेऊन ठेवा. पुढच्या वर्षी कंपनी कापड बदलते.

एवढं करूनही मूल कपड्यांमुळे शाळेत जाऊ शकत नसेल, झोपू शकत नसेल, अंग ओरबाडत असेल, तर तज्ज्ञांकडे या. खासगी थेरपी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं चालतात आणि सेवा मोफत असते.

श्रोत्यांचे प्रश्न

*एवढं सगळं केलं तर मूल लाडावणार नाही का?*

चष्मा लावून दिला म्हणून मूल लाडावत नाही. हट्ट आणि त्रास यांत फरक असतो. हट्ट बघायला माणूस लागतो आणि मागणी पुरी झाली की तो संपतो. इथे मूल एकटं असलं तरी कपडा ओढतं, आणि खेळ सोडूनही तो काढून टाकतं. कपडा बदलला की शांत होऊन कामाला लागतं. तेवढं निरीक्षण करा, उत्तर तुम्हालाच मिळेल.

*घरातली मोठी माणसं ऐकत नाहीत. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' म्हणतात.*

त्यांच्या वेळी कपडे शिंप्याकडून शिवून घ्यायचे, बहुतेक सुती, आणि मोठ्याचे धाकट्याला जायचे. नायलॉनचं लेबल नव्हतं. वादात न पडता आजीलाच कामाला लावा. 'तिच्यासाठी जुन्या साडीचं काहीतरी शिवून द्या' म्हणा. एकदा नात तो फ्रॉक दिवसभर घालून खेळली, की समजावायची गरज उरत नाही.

*मोठेपणी हे जातं का?*

काहींचं कमी होतं, काहींचं राहतं. टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक प्राध्यापिका. लहानपणच्या बोचऱ्या पेटीकोटांच्या त्रासाबद्दल त्यांनी मोठेपणीही लिहिलं आहे, बोललं आहे. मोठं झाल्यावर एक फरक पडतो, तो म्हणजे स्वतःचे कपडे स्वतः निवडता येतात. लहान मुलाकडे तो अधिकार नसतो, तो आपल्या हातात असतो. म्हणून ते 'टोचतंय' म्हणालं की आधी विश्वास ठेवा आणि मग शिवण शोधा. आपलं सांगणं घरात खरं मानलं जातं हे ज्या मुलाला कळतं, ते उद्या पोटात दुखलं, कुणी त्रास दिला, तरी आपल्यालाच येऊन सांगेल.